होसे मुहिका यांच्या साधेपणामागचा उरुग्वे

उरुग्वेचे माजी राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका यांचे १३ मे २०२५ रोजी निधन झाले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची ओळख ‘जगातील सर्वांत गरीब राष्ट्राध्यक्ष’ अशीच करून दिली. पत्र्याच्या छपराचे शेतातले घर, १९८७ सालची निळी फोक्सवॅगन बीटल, मनुएला नावाची तीन पायांची कुत्री आणि वेतनाचा सुमारे ९० टक्के भाग देऊन टाकण्याचा शिरस्ता या साऱ्या गोष्टी खऱ्याच आहेत. मात्र ‘गरीब’ हा शब्द त्यांना स्वतःला मान्य नव्हता. ज्याच्या गरजा कधीच संपत नाहीत तो गरीब, असे ते म्हणत. हा माणूस कसा घडला हे समजून घ्यायचे, तर उरुग्वेच्या विसाव्या शतकात डोकवावे लागते.

ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन अवाढव्य शेजाऱ्यांच्या मध्ये वसलेल्या या देशाची लोकसंख्या आजही ३५ लाखांच्या आसपासच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष होसे बात्ये ई ओर्दोन्येस यांच्या प्रभावाखाली तेथे काळाच्या पुढचे कायदे झाले. १९१३ मध्ये पत्नीच्या केवळ इच्छेवरून घटस्फोट मिळण्याची सोय झाली आणि १९१५ मध्ये आठ तासांचा कामाचा दिवस आला. काही वर्षांतच धर्मसंस्था शासनापासून वेगळी करण्यात आली. या कल्याणकारी व्यवस्थेचा खर्च लोकर आणि मांस यांच्या निर्यातीवर चालत असे. कोरियन युद्धानंतर या मालाचे भाव पडले, महागाई वाढली आणि १९५८ च्या निवडणुकीत नव्वदहून अधिक वर्षे सत्तेवर असलेल्या कोलोरादो पक्षाचा पराभव झाला.

मुहिका यांचा जन्म २० मे १९३५ रोजी राजधानी मोंतेविदेओच्या कडेला असलेल्या शेतवस्तीत झाला. वडील लहानपणीच वारले आणि आईसोबत फुलांची लागवड करून त्यांनी घर चालवले. फुलशेती हा त्यांचा पुढे आयुष्यभराचा व्यवसाय ठरला. त्यांचे राजकारण सुरू झाले ते नॅशनल पार्टी या परंपरानिष्ठ पक्षात, एन्रिके एर्रो या नेत्याच्या गटात. त्याच सुमारास राउल सेंदिक देशाच्या उत्तर टोकाला, बेया उनिओन परिसरात, ऊसतोड कामगारांची संघटना बांधत होते. बात्ये यांचे कामगार कायदे पुस्तकात होते, पण उसाच्या फडापर्यंत ते पोचलेच नव्हते. या कामगारांचे मोर्चे राजधानीवर धडकू लागले आणि त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांतून ‘तुपामारो’ ही सशस्त्र संघटना उभी राहिली. अठराव्या शतकात पेरूमध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या तुपाक आमारू यांच्यावरून तिचे नाव पडले. मुहिका तिच्यात सामील झाले.

ऑक्टोबर १९६९ मध्ये पांदो हे शहर काही काळ ताब्यात घेण्याच्या मोहिमेत ते होते. मार्च १९७० मध्ये मोंतेविदेओतील एका बारमध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत त्यांना सहा गोळ्या लागल्या आणि ते जेमतेम वाचले. सप्टेंबर १९७१ मध्ये पुंता कार्रेतास तुरुंगातून भुयार खणून १११ कैदी निसटले, त्यांतही ते होते. (त्या तुरुंगाच्या इमारतीत आता शॉपिंग मॉल आहे.) या साहसकथा सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. याच संघटनेने आपला गुप्त तळ योगायोगाने पाहणाऱ्या एका निरपराध शेतमजुरालाही ठार केले होते. घटनाक्रमही नीट लक्षात ठेवायला हवा. १९७२ संपता संपता लष्कराने तुपामारोंचा पुरता बीमोड केला होता. राष्ट्राध्यक्ष बोर्दाबेरी यांनी लष्कराच्या साथीने संसद बरखास्त केली ती त्यानंतर, २७ जून १९७३ रोजी; त्यामुळे लोकशाहीचा बळी बंडखोरी मोडण्यासाठीच द्यावा लागला, हे समर्थन टिकत नाही.

हुकूमशाहीने संघटनेच्या नऊ नेत्यांना ‘ओलीस’ म्हणून वेगळे काढले. बाहेर संघटनेने हालचाल केली, तर या नऊ जणांना मारले जाईल, अशी ती व्यवस्था होती. मुहिका, माउरिसिओ रोसेन्कोफ आणि एलेउतेरिओ फेर्नांदेस उइदोब्रो या तिघांना एका लष्करी छावणीतून दुसऱ्या छावणीत हलवत वर्षानुवर्षे एकांतवासात ठेवण्यात आले. बोलायची बंदी असल्याने रोसेन्कोफ आणि उइदोब्रो यांनी भिंतीवर टकटक करून संवादाची लिपीच तयार केली. मुहिका यांना कित्येक वर्षे पुस्तक मिळाले नाही आणि त्यांना भास होऊ लागले. थोडक्यात भागवण्याची त्यांची वृत्ती या कोठड्यांत पक्की झाली, असे ते स्वतःच सांगत. म्हणूनच ती प्रसिद्धीसाठी घेतलेली भूमिका नव्हती, असे मला खात्रीने वाटते.

१९८० मध्ये लष्कराने मांडलेली राज्यघटना जनतेने सार्वमतात फेटाळली. १९८५ मध्ये लोकशाही परतली आणि मार्च महिन्यातील माफीच्या कायद्याने मुहिका सुटले. तुपामारोंनी शस्त्रे सोडून निवडणुकीचा मार्ग धरला आणि ‘फ्रेंते आम्प्लिओ’ या १९७१ पासूनच्या डाव्या आघाडीत ते आले. मुहिका १९९५ मध्ये प्रतिनिधीगृहात, २००० मध्ये सेनेटमध्ये आणि २००५ मध्ये ताबारे वास्केस यांच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री म्हणून पोचले. नोव्हेंबर २००९ मध्ये दुसऱ्या फेरीत त्यांनी माजी राष्ट्राध्यक्ष लुइस आल्बेर्तो लाकाये यांना हरवले. १ मार्च २०१० रोजी त्यांना शपथ दिली ती सेनेटर लुसिया तोपोलान्स्की यांनी. त्या त्यांच्या पत्नी आणि संघटनेतल्या, तुरुंगवास भोगलेल्या सहकारी होत्या.

त्यांच्या कारकिर्दीत २०१२ मध्ये गर्भपाताला, २०१३ मध्ये समलिंगी विवाहाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गांजाच्या सरकारी नियंत्रणाखालील उत्पादनाला व विक्रीला कायदेशीर मान्यता मिळाली. परदेशात या कायद्यांचे नवल वाटले, परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या बात्ये यांच्या परंपरेशी त्यांचे सरळ नाते आहे. अपयशही होते. शिक्षणसुधारणा रखडली आणि प्लुना ही विमान कंपनी बंद पडली.

सर्वांत अवघड प्रश्न हुकूमशाहीच्या काळातील गुन्ह्यांचा होता. लष्करी व पोलीस अधिकाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारा १९८६ चा कायदा रद्द करण्यासाठी ऑक्टोबर २००९ मध्ये सार्वमत झाले, तेही मुहिका उमेदवार असलेल्या पहिल्या फेरीच्याच दिवशी. मतदारांनी त्यांना आघाडी दिली, पण कायदा रद्द करण्याच्या बाजूने निम्मी मते पडली नाहीत. आंतरअमेरिकी मानवी हक्क न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१२ मध्ये मुहिका यांनी जाहीर समारंभात शासनाची जबाबदारी मान्य केली, तरी बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांना त्यांची वाटचाल सावधच वाटत राहिली. हे नातेवाईक १९९६ पासून दरवर्षी २० मे रोजी मोंतेविदेओत मौन मोर्चा काढतात. तीच मुहिका यांची जन्मतारीख होती. २०२५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर अवघ्या आठवड्याने, त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवशीही ही माणसे आपल्या माणसांची छायाचित्रे हाती घेऊन त्याच रस्त्याने चालली.