पार्श्वभूमी : मिस्सेतली आरती आणि 1969 चे बारा मुद्दे

मराठवाड्यात वैजापूर-गंगापूरच्या पट्ट्यात सणाच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, गेलात तर अर्पणाच्या वेळी तीन-चार बाया तबक घेऊन वेदीकडे येताना दिसतील. तबकात झेंडूची फुलं, उदबत्ती, निरांजन. भाकर आणि द्राक्षारस उंच धरला जातो तेव्हा ओवाळणी होते आणि मागे पेटी-तबल्यावर भजन चालू असतं. या तबकावरून सध्या पुन्हा बोललं जातंय. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की ते पहिल्यापासून तिथंच आहे. उरलेल्यांना वाटतं, कुण्या हौशी फादरनं परवा आणलं.

फार मागं जायची गरज नाही. गोव्यात सासष्टीतून 1616 साली ख्रिस्तकथा ओवीत छापली गेली. मदुराईत त्याच काळात जेजुइट या कॅथलिक धर्मसंघाचा एक इटालियन धर्मगुरू भगव्या वस्त्रांत राहत होता. पुढं रोमनं, म्हणजे पोपनं, 1744 साली अशा प्रयोगांचं दार लावून घेतलं. ते करणार नाही अशी शपथ मिशनऱ्यांना घ्यावी लागे, ती 1940 च्या सुमारास सुटली. मराठवाड्याच्या खेड्यांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, कारण 1890 च्या आधी इथं छावण्यांमधल्या शिपायांपलीकडे कॅथलिक नव्हतेच.

खेड्यांत श्रद्धा पोचली ती 1890 च्या दशकात, नागपूरला ठाणं असलेल्या फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातल्या धर्मगुरूंमार्फत. माळीघोगरगावच्या एका फ्रेंच फादरला लोक आजही ‘बाबा’च म्हणतात. बाप्तिस्मा घेणारे बहुतेक महार आणि मांग वस्तीतले. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रवचन मराठीत. भजनं मात्र त्याआधीच आली होती. नगर आणि जालना भागातल्या प्रॉटेस्टंटांकडे अभंग आणि कीर्तनं कधीच रुळली होती, आणि सोयरीक काही पंथ बघून थांबत नाही. लेकी सासरी जाताना गाणीही घेऊन गेल्या. त्यावर कुणाची परवानगी लागली नाही.

आता मुख्य गोष्ट. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर 1963 मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. आरतीचा निर्णय मात्र त्या परिषदेचा नाही. तो 1969 चा आहे आणि भारतातल्या बिशपांचा आहे. जानेवारीत बंगळूरला उपासनेवर अखिल भारतीय बैठक झाली आणि तिथून बारा मुद्दे पुढं आले. बिशपांची मतं टपालानं मागवली गेली, एप्रिलमध्ये प्रस्ताव रोमला गेला आणि 25 एप्रिल 1969 ला मंजुरीही आली. रोमच्या कारभाराचा वेग ज्यांना माहीत आहे त्यांच्या भुवया तेव्हाच उंचावल्या. टपालानं मागवलेल्या मतांत आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत खरोखर होतं का, हा आक्षेप विरोधक पुढं कितीतरी वर्षं घेत राहिले. माझ्या मते तो आक्षेप पोकळ नव्हता. एवढा मोठा बदल समोरासमोर बसून, भांडून ठरायला हवा होता.

मुद्दे तसे साधे होते. पादत्राणं बाहेर काढून जमिनीवर बसावं. गुडघा टेकवण्याऐवजी हात जोडून वाकून नमस्कार करावा. पंचांग प्रणाम, म्हणजे गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकवून केलेला नमस्कार, चालेल. पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो कपाळी किंवा डोळ्यांना लावावा. मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा चालेल, वेदीवरच्या कापडाच्या जागी ताट, भरजरी झग्याऐवजी साधं वस्त्र आणि खांद्यावर अंगवस्त्र. धर्मगुरूचं स्वागत आरतीनं करता येईल आणि अर्पणाच्या वेळी व मोठ्या प्रार्थनेच्या शेवटी फुलं, धूप, दिवा अशी दुहेरी-तिहेरी आरती करता येईल. यातलं काहीही सक्तीचं नव्हतं. काय घ्यायचं, किती घ्यायचं, हे ज्या त्या बिशपांनी लोकांना समजावून ठरवायचं होतं.

आमच्या खेड्यांच्या दृष्टीनं या यादीतली पहिली ओळ गमतीची आहे. जमिनीवर बसण्याची परवानगी! बाकं शहरातल्या चर्चमध्ये होती. खेड्यात सतरंजीही सणालाच निघायची आणि चपला दाराशीच सुटायच्या. रोमनं एप्रिलमध्ये मान्य केलेलं इथली म्हातारी माणसं कित्येक वर्षं करत होती. कागद खरं म्हणजे शहरांसाठी होता, आणि विरोधही शहरांतूनच आला. ‘हे हिंदूकरण आहे’ असं म्हणणाऱ्यांत मोठ्या शहरांमधले, पिढ्यान् पिढ्या कॅथलिक असलेले शिकलेले लोक आघाडीवर होते.

खेड्यातला आक्षेप वेगळा होता, त्याला वाचा उशिरा फुटली आणि तो अजूनही नीट ऐकला गेलेला नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्याच वस्तीतल्या भाऊबंदांनी घरातले देव, आरत्या, ताम्हणं बाहेर काढली. पुढं तेरा वर्षं झाली नाहीत तोच शेजारच्या कॅथलिक घराला सांगण्यात आलं की, आता आपल्याकडे आरती चालेल. ज्या गाभाऱ्याच्या पायरीवर आजोबाला उभं राहू दिलं नाही, तिथलं तबक नातवानं चर्चमध्ये कशासाठी फिरवायचं? 1978 मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या, तेव्हा हा प्रश्न आणखी टोकदार झाला. आदल्याच डिसेंबरात, 1977 मध्ये, अमरावतीपासून वेगळा होऊन इथला, औरंगाबादचा, स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपचा कारभार असलेला भाग) उभा राहिला होता. बंगळूरला शिकून आलेले, बरेचसे वसई, मंगळूर किंवा केरळचे धर्मगुरू ‘भारतीय संस्कृती’ म्हणून जे आणत होते, ते वस्तीच्या डोळ्यांना भटाघरचं दिसत होतं. बारा मुद्दे मांडणाऱ्यांच्या मनात असं काही नसेल, हे मान्य. पण त्यात पंचांग प्रणाम आणि अंगवस्त्र आलं, हलगी आली नाही. हलगी आजही बहुतेक ठिकाणी मिरवणुकीत वाजते आणि दारापाशी थांबते.

गोंधळात भर घातली ती शब्दानं. या सगळ्या प्रक्रियेला काय म्हणायचं? आधी कोणी ‘भारतीयीकरण’ म्हणे, कोणी ‘देशीकरण’. पुढं ‘इन्कल्चरेशन’ हा शब्द जेजुइटांच्या वर्तुळातून पसरला आणि 1979 मध्ये पोपच्या पत्रातही आला. त्याला मराठीत सोपा पर्याय म्हणून ‘संस्कृतीकरण’ वापरात आला. अडचण अशी की समाजशास्त्रात हाच शब्द आधीपासून भलत्याच अर्थानं चालू आहे : खालच्या मानल्या गेलेल्या जातीनं वरच्या जातीच्या रीती उचलून वर सरकण्याची धडपड. शिबिरात फादर ‘संस्कृतीकरण’ म्हणत ते श्रद्धा मातीत रुजवण्याबद्दल, आणि मागच्या रांगेतला बी.ए. झालेला पोरगा ऐकत असे ते दुसरंच. ‘सांस्कृतिकीकरण’ हा शब्द नंतर आला. तो कुणाच्या तोंडी बसला नाही. मला तर वाटतं, चुकून वापरलेला पहिला शब्दच जास्त खरं बोलून गेला.

1994 मध्ये रोमनं या विषयावर सविस्तर सूचना काढली आणि तिचा सूर सावध होता. 2001 मध्ये भाषांतरं लॅटिनला घट्ट धरून करा असा आदेश आला. 2017 मध्ये भाषांतराचा बराच अधिकार पुन्हा बिशपांकडे आला. गावात याचे पडसाद फारसे उमटले नाहीत.

पडसाद उमटले ते दुसऱ्या कागदाचे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंनाच होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. बाप्तिस्म्यानं जात संपते असं कायदा धरून चालतो. भारतातल्या बिशपांनी मात्र 2016 च्या धोरणात मान्य केलं की चर्चच्या आतही ती संपलेली नाही. यावर विचार करायला केंद्रानं ऑक्टोबर 2022 मध्ये आयोग नेमला, त्याची मुदतही वाढवली. मधल्या काळात अनेक कुटुंबांच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं चालत आलं आहे. त्याचा दोष मी त्या कुटुंबांना देणार नाही.

याच दुहेरीपणामुळे आरतीवरचा नवा आरोप आता बाहेरून येतो. धर्मांतरविरोधी कायद्याच्या चर्चेत चर्चमधली आरती, भजन आणि निरांजन म्हणजे भोळ्या लोकांना फसवण्याचा वेष, असं सांगितलं जातं. पन्नास वर्षांपूर्वी शहरातले कॅथलिक ज्याला हिंदूकरण म्हणत होते, त्याच तबकाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ आता मोबाईलवर धर्मांतराचा पुरावा म्हणून फिरतो. सावध धर्मगुरू म्हणतात, कशाला उगाच, मेणबत्त्या बऱ्या. पुण्याहून नाताळाला घरी येणाऱ्या पोरांना तसंही गिटार आणि प्रोजेक्टर जवळचा वाटतो.

बारा मुद्दे ऐच्छिक होते, ते आजही तसेच आहेत. फादर बदलला की एखाद्या गावची आरती बंद पडते, पुढचा आला की पुन्हा सुरू होते. तोवर तबक चर्चमागच्या खोलीत, सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर पालथं पडलेलं असतं.