कंटेनरमधील माइनक्राफ्ट सर्व्हर : प्रवेश आणि अधिकार

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्या संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त डब्यात, चालवताना खेळात कोणाला घ्यायचे, कोणाला बाहेर काढायचे आणि कोणाच्या हाती किती अधिकार द्यायचे, हे ठरवण्याची पद्धत. सर्व्हरजवळ यासाठी स्वतःच्या याद्या असतात; कंटेनर ज्या कंपोज फाइलवरून उभा राहतो, तिच्यातही तीच नावे लिहिता येतात. एकाच हजेरीपटाच्या दोन प्रती झाल्या की अस्सल कोणती हा प्रश्न येतोच. इथल्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तेच आहे.

सर्व्हर स्वतः चार याद्या सांभाळतो. आत येऊ शकणाऱ्यांची व्हाइटलिस्ट, ऑपरेटरांची, म्हणजे खास आज्ञा देऊ शकणाऱ्या खेळाडूंची, ऑप्स, आणि बंदीच्या दोन : एक खेळाडूंची, दुसरी आयपी पत्त्यांची. २०१४ पर्यंत या साध्या मजकुराच्या फाइली होत्या, ओळीला एक नाव. त्या वर्षीच्या १.७.६ आवृत्तीपासून त्या जेसन या रचनाबद्ध मजकुराच्या स्वरूपात गेल्या आणि नावाबरोबर यूयूआयडी, म्हणजे खात्याचा १२८ बिटांचा कायमचा क्रमांक, नोंदवला जाऊ लागला. खेळाडूंना पुढे नाव बदलण्याची मुभा द्यायची होती, त्याची ही तयारी. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे बंदी घातलेला माणूस नवे नाव घेऊन परत येऊ शकत नाही.

व्हाइटलिस्ट मुळात बंद असते. ती चालू केली तरी त्या क्षणी आत खेळत असलेल्या अनोळखी माणसाला ती हात लावत नाही. सर्व्हर-प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाइलीतले ‘एन्फोर्स-व्हाइटलिस्ट’ चालू असेल तरच यादीबाहेरचे लोक बाहेर फेकले जातात. ऑपरेटरला तर व्हाइटलिस्ट लागूच होत नाही. एखाद्याचे नाव तिथून खोडले आणि ऑप्समध्ये तसेच राहिले, तर तो बिनदिक्कत आत येतो. बंदीतून मात्र ऑपरेटरही सुटत नाही.

ऑपरेटरच्या चार पातळ्या आहेत. पहिलीवरचा माणूस स्पॉनभोवतीच्या (खेळाडू पहिल्यांदा जिथे अवतरतो त्या ठिकाणाभोवतीच्या) राखीव जागेत बांधकाम करू शकतो. मूळ मूल्य, म्हणजे मधल्या ठोकळ्यापासून प्रत्येक बाजूचे अंतर, १६ असल्यामुळे ही जागा ३३ बाय ३३ ठोकळ्यांची असते. दुसरीवर गेममोड बदलणे, वस्तू देणे, टेलिपोर्ट करणे आणि कमांड ब्लॉक (आज्ञा आपोआप चालवणारे ठोकळे) वापरणे जमते. तिसरीवर माणसे हाकलणे, बंदी घालणे, व्हाइटलिस्ट बदलणे आणि दुसऱ्याला ऑपरेटर करणे येते. चौथीवर सर्व्हर थांबवणे व जग सेव्ह करण्यावर ताबा. या रचनेत एक विचित्र फट आहे. ‘ऑप’ आज्ञा पातळी विचारत नाही. सर्व्हरची ठरलेली पातळी देऊन मोकळी होते, आणि ती मुळात ४ असते. म्हणजे तिसरीवरचा माणूस मित्राला थेट चौथीवर बसवू शकतो. कोणाला नेमकी दुसरी पातळी द्यायची असेल तर सर्व्हर थांबवून ऑप्सच्या फाइलीत ‘लेव्हल’समोरचा आकडा हाताने बदलावा लागतो. मित्रमंडळींच्या सर्व्हरवर सगळेच चौथीवर आढळतात, ते बहुधा या आळसामुळेच.

कंटेनरमध्ये गेल्यावर यांतल्या काही अधिकारांचा अर्थच बदलतो. चौथीवरच्या ऑपरेटरने ‘स्टॉप’ म्हटले की प्रक्रिया संपते, पण कंपोज फाइलीत ‘रीस्टार्ट : अनलेस-स्टॉप्ड’ असे लिहिलेले असेल तर डॉकर तोच कंटेनर लगेच पुन्हा उठवतो. खेळाच्या दृष्टीने सर्वांत मोठी आज्ञा इथे नुसता रीस्टार्ट ठरते. सर्व्हर खरोखर बंद करायचा तर होस्टवर, म्हणजे डॉकर ज्या संगणकावर चालतो तिथे, जाऊन ‘डॉकर स्टॉप’ द्यावे लागते.

कंटेनर ज्या तयार साच्यातून बनतो त्याला इमेज म्हणतात; सर्रास वापरली जाणारी इमेज म्हणजे ‘आयटीझेडजी/माइनक्राफ्ट-सर्व्हर’. तिच्यात जग, याद्या आणि सेटिंग सगळे ‘डेटा’ या फोल्डरमध्ये राहते आणि तो व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणारी साठवण, म्हणून जोडलेला असतो. जोडायचा राहिला तर कंटेनर काढून नवा उभारताना जगाबरोबर याद्याही नजरेआड होतात. व्हाइटलिस्ट आणि ऑप्स या नावांच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कंपोज फाइलीतून कंटेनरला दिलेल्या मूल्यांत) खेळाडूंची नावे दिली की इमेज सुरू होताना त्यांचे यूयूआयडी शोधून फाइली लिहिते. आधीच्या फाइलीचे काय करायचे, हे वेगळ्या सेटिंगने सांगता येते. ‘स्किप’ म्हटले तर जुनी फाइल जशीच्या तशी राहते, ‘मर्ज’ने नवी नावे तिच्यात मिसळतात, आणि ‘सिंक्रोनाइझ’ने फाइल कंपोजमधल्या यादीशी तंतोतंत जुळवली जाते, म्हणजे जादा नावे गळतात.

समजा, शनिवारी रात्री खेळता खेळता कोणी चॅटमधूनच एका मैत्रिणीला व्हाइटलिस्टमध्ये घेतले. रविवारी कंटेनर अपडेट झाला आणि ‘सिंक्रोनाइझ’ लावलेले होते, तर ती बाहेर. हा त्रास निरुपद्रवी, ती फोन करून विचारते. उलटा प्रकार घातक आहे. भांडण होऊन एकाचे ऑपरेटरपद चॅटमधूनच काढले, पण कंपोज फाइलीत त्याचे नाव तसेच आहे आणि ‘मर्ज’ चालू आहे. पुढच्या स्टार्टला तो पुन्हा ऑपरेटर, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एकदाच ठरवावे : माणसे कंपोज फाइलीत बदलायची की खेळात. दुसरे ठरवले तर ‘स्किप’ लावून व्हेरिएबलला विसरावे.

कंपोजमध्ये नावांऐवजी यूयूआयडी लिहिणे जास्त सुरक्षित. जावा आवृत्तीत खेळाडू ३० दिवसांतून एकदा नाव बदलू शकतो आणि सोडलेले नाव ३७ दिवसांनी इतरांना घेता येते. इमेज दर स्टार्टला नावावरून क्रमांक शोधत असेल, तर ते नाव नव्याने घेणाऱ्या अनोळखी माणसाला आयते अधिकार मिळतील.

हे सगळे ‘ऑनलाइन-मोड’ चालू असेपर्यंत. तो बंद केला की खाते तपासले जात नाही आणि यूयूआयडी नुसत्या नावावरून एमडी५ या गणिती सूत्राने काढला जातो. ऑपरेटरचे नाव टाइप करून येणारा कोणीही ऑपरेटर ठरतो. अशा सर्व्हरवर व्हाइटलिस्ट हे कुलूप नसून दारावरची पाटी आहे. व्हेलॉसिटीसारख्या प्रॉक्सीमागचे (खेळाडूंना आधी स्वतःकडे घेऊन मग पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थामागचे) सर्व्हर मात्र मुद्दाम ऑफलाइन ठेवावे लागतात, कारण खाते प्रॉक्सी तपासते. तिथे कंटेनर कामाला येतो : मागच्या सर्व्हरचा पोर्ट प्रकाशितच करायचा नाही, तो फक्त डॉकरच्या आतल्या नेटवर्कवर प्रॉक्सीला दिसू द्यायचा आणि प्रॉक्सी आणि सर्व्हर यांच्यातली फॉरवर्डिंगची गुप्त किल्ली लावायची.

आयपीवरची बंदी कंटेनरमध्ये फसवी आहे. डॉकर डेस्कटॉपसारख्या रचनेत खेळाडूचा खरा पत्ता आत पोहोचत नाही. लॉगमध्ये सगळेच १७२.१७.०.१ सारख्या गेटवेच्या पत्त्यावरून आलेले दिसतात. तिथे एका त्रासदायक पोराला ‘बॅन-आयपी’ केले की पुढचा प्रत्येक माणूस दारातच अडतो. भारतात अनेक इंटरनेट पुरवठादारांकडे एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटला जातो, तेव्हा पत्ता खरा दिसला तरी शेजारी भरडला जाण्याची शक्यता उरतेच.

प्रशासकाचा कन्सोल म्हणजे बहुधा आरकॉन, दुरून सर्व्हरला आज्ञा देण्याची सोय. व्हॉल्व्हच्या सोर्स इंजिनासाठीचा हा प्रोटोकॉल सांकेतिक लिपीत काहीच पाठवत नाही, पासवर्डही उघडाच जातो. खेळाचा पोर्ट २५५६५, आरकॉनचा २५५७५. पहिला जगाला दाखवायचा, दुसरा कधीच नाही. गरजही नसते, कारण ‘डॉकर एक्झेक’ने कंटेनरच्या आतलीच ‘आरकॉन-सीएलआय’ चालवता येते. उबुंटूवर यूएफडब्ल्यू या फायरवॉलने पोर्ट अडवला आहे या भरवशावर राहू नये. डॉकर प्रकाशित केलेल्या पोर्टसाठी आयपीटेबल्स या लिनक्सच्या मूळ नियमतक्त्यात स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यू बाजूलाच राहते. कन्सोलला ‘अटॅच’ होऊन बाहेर पडताना कंट्रोल-सी दाबणे हा नवशिक्यांचा आवडता अपघात. त्याने सर्व्हरच थांबतो. कंट्रोल-पी आणि मग कंट्रोल-क्यू हवे.

चार पातळ्या पुरत नाहीत तिथे प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर, चालवू शकणारा पेपर सर्व्हर आणि त्यावर लकपर्म्स हे परवानग्यांचे प्लगइन वापरतात. त्यात एकेक परवानगी वेगळी देता येते, गट करता येतात, एका गटाचे हक्क दुसऱ्यात उतरतात, आणि एखादी परवानगी एकाच जगापुरती ठेवता येते. मॉडरेटरला हाकलण्याचा हक्क आणि तेवढाच, हे इथे जमते. लकपर्म्स आल्यावर ऑप्सची यादी रिकामी करावी, कारण ऑपरेटरला बहुतेक प्लगइन आपोआप सगळे देऊन टाकतात.

बेडरॉक या माइनक्राफ्टच्या दुसऱ्या आवृत्तीचा सर्व्हर वेगळा आहे : यूयूआयडीऐवजी एक्सबॉक्सचा एक्सयूआयडी, आणि पातळ्यांऐवजी व्हिजिटर, मेंबर, ऑपरेटर अशा तीन भूमिका.

खेळातल्या चौथ्या पातळीच्या वर आणखी एक पायरी आहे, ती कोणत्याच यादीत दिसत नाही. होस्टवर ज्याचे खाते ‘डॉकर’ गटात आहे, तो होस्टचा संपूर्ण डिस्क कंटेनरला जोडू शकतो, म्हणजे व्यवहारात त्याच्याकडे रूट, त्या संगणकाचा सर्वोच्च अधिकार, असतो. डेटा फोल्डरमधली ऑप्सची फाइल उघडून स्वतःचे नाव घालणे हा त्याच्यासाठी मिनिटाचा खेळ, आणि चॅटमध्ये त्याची एकही ओळ उमटत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राला एसएसएच, म्हणजे होस्टवर दुरून लॉगिन, देऊन ‘डॉकर’ गटात घातले की तो प्रत्यक्षात याच पायरीवर चढतो. नुसती ‘आरकॉन-सीएलआय’ चालवणारी छोटी स्क्रिप्ट सुडोमधून (ठरावीक आज्ञेपुरता उसना रूट अधिकार देणाऱ्या सोयीतून) दिली तर तो चौथ्या पातळीवरच राहतो.