दांड्याला दात असतात

फैजपूरला आमच्या चुलत्यांकडे, आप्पांकडे गेलो होतो. त्यांच्या नातवाने कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग, खाली तीन पेडल आणि बाजूला गिअरचा दांडा असा पूर्ण संच आणलाय. आप्पांनी सावद्याची केळी भरून दिल्लीच्या फेऱ्या करण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली. नातवाने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, पडद्यावर ट्रक सुरू करून दिला. थोडं पुढे गेल्यावर आप्पांनी मुद्दाम क्लचला पाय न लावता दांडा चौथ्यातून तिसऱ्यात ओढला. दांडा सुळकन गेला. ना खर्र असा आवाज, ना हाताला हिसका. आप्पांनी दांड्यावरचा हात काढला आणि म्हणाले, "याले दातच नाई ना भो!"

गाडीच्या गेम बनवणाऱ्यांना वर्षानुवर्षं छळणारा प्रश्न आप्पांनी एका वाक्यात सांगितला. तो नीट कळायला आधी गिअरबॉक्स आतून बघावा लागतो.

गिअर टाकताना दोन चाकांचे दात एकमेकांत जाऊन बसतात, असं बहुतेकांना वाटतं. हल्लीच्या गाड्यांत तसं होत नाही. पुढे जायच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात आणि सगळ्या एकाच वेळी फिरत असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या आसावर, मोकळं फिरतं. आपण दांडा हलवतो तेव्हा एक बाही सरकते आणि त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडते. बाहीला आणि चाकाला छोटे दात असतात, त्यांना डॉग म्हणतात. खर्र वाजतं ते हे डॉग. बाही एका वेगाने फिरतेय, चाक दुसऱ्या वेगाने, आणि आपण त्यांना जबरदस्तीने जोडू बघतोय, म्हणून ते ओरडतात.

वेगात फरक किती पडतो? मोटारीच्या चाकाचा घेर १.९ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १,००० मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ५२६ फेरे. मागच्या धुऱ्यावर चौपट गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार, धरलं तर गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट २,१०० च्या आसपास फिरतो. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४ असेल तर इंजिन साधारण २,९५० वर असतं. दुसऱ्याचं २ असेल तर त्याच वेगाला इंजिन ४,२०० वर हवं. गाडीचा वेग तोच, पण एक गिअर खाली आलं की साडेबाराशे फेऱ्यांचा फरक पडतो. तो कुठून तरी भरून काढावाच लागतो. गडबडीत दुसऱ्याऐवजी पहिला पडला आणि त्याचं गुणोत्तर ३.५ असेल, तर हाच हिशेब इंजिनाला ७,३०० च्या वर नेतो. बऱ्याच घरगुती गाड्यांची मर्यादा त्याच्या आतच संपते. मग व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत, पिस्टनवर आदळतात, आणि पुढचं गॅरेजवाला सांगतो.

क्लच दाबला की इंजिन वेगळं पडतं, पण क्लच प्लेट, तिच्यामागचा शाफ्ट आणि त्याला अडकलेले गिअर फिरतच असतात. त्यांचा वेग जुळवायचं काम सिंक्रोनायझर करतो. ही एक बहुधा पितळी, शंकूसारखी कडी असते. ती चाकाला घासून त्याचा वेग बाहीच्या वेगाइतका आणते आणि तोपर्यंत बाहीला वाट देत नाही. कॅडिलॅकने १९२८मध्ये ही युक्ती मोटारीत आणली. त्या छोट्या कडीला शाफ्टचं वजन पेलतं, पण क्लच न दाबता गिअर टाकलात तर तिला अख्खं इंजिन ओढावं लागतं. ते तिला झेपत नाही, आणि दांडा हाताला नाही म्हणतो.

आप्पा ज्या ट्रकवर शिकले त्याला ही कडी नव्हती. म्हणून डबल क्लच: क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. मधे क्लच सोडायचा तो कशासाठी, हे पुष्कळ जण विसरतात. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला तरच इंजिन आतल्या शाफ्टला आपल्यासोबत फिरवतं. रेस त्या शाफ्टपर्यंत पोचते, डॉगचे वेग जुळतात. आप्पांच्या ट्रकला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नव्हता. ते फक्त कानाने ओळखायचे.

आता गेमकडे वळू. साध्या गेममध्ये एकच गुणाकार चालतो: चाकाचे फेरे गुणिले गिअरचं गुणोत्तर, झाले इंजिनाचे फेरे. दुसरा टाकला की काटा उडी मारून ४,२०० वर. इंजिनाला वजन नाही, क्लचला घसरण नाही, दाताला दात नाही. मोबाईलवर बसच्या फाट्यावर वाट बघत दहा मिनिटं खेळायला हे पुरतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल, म्हणवायचं असेल तर किमान तीन फिरत्या गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात: इंजिन आणि त्याचं फ्लायव्हील (त्याला जोडलेली जड चकती), क्लचमागचा शाफ्ट, आणि रस्त्यावरची चाकं. प्रत्येकीचा वेग वेगळा, जडत्व वेगळं, आणि त्यांच्यामधे कधी पकडणारे, कधी घसरणारे दुवे. कॉम्प्युटर हा हिशेब सेकंदाला शेकडो वेळा करतो, कारण डॉग बसतात किंवा निसटतात ते क्षणाच्या छोट्या तुकड्यात.

हे तीन वेग वेगळे मोजले की गाडी खरी वागायला लागते. वळणावर रेस न देता तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात आणि क्लच झटकन सोडलात, तर इंजिनाला २,९५० वरून ४,२०० वर ओढायची ताकद मागच्या चाकांकडून घेतली जाते. मागची चाकं क्षणभर अडतात, पकड सुटते, गाडी गरगर फिरते. गुणाकारावर चालणाऱ्या गेममध्ये हे होऊच शकत नाही, म्हणून तिथे शिकलेला मुलगा चांगल्या सिम्युलेटरवर पहिल्याच वळणाला भिरभिरतो. लाइव्ह फॉर स्पीड या सिम्युलेटरमध्ये क्लच तापतो आणि जास्त घासला तर ताकद पोचवेनासा होतो. आयरेसिंग हा शर्यतीचा सिम्युलेटर २००८मध्ये सुरू झाला. त्यातल्या काही गाड्यांत वरचा गिअर टाकताना अॅक्सिलरेटर क्षणभर सोडावा लागतो, खालचा टाकताना रेस द्यावी लागते, नाहीतर गिअर बसत नाही.

अॅक्सिलरेटर का सोडायचा, हे आपल्या मोटरसायकलवर तपासता येतं. मोटरसायकलचा गिअरबॉक्स आणि शर्यतीच्या गाडीचा सिक्वेन्शियल, म्हणजे एकामागून एक क्रमानेच गिअर बदलणारा, गिअरबॉक्स हे नातेवाईक आहेत. दोन्हीत खाचा कोरलेला ड्रम फिरतो, त्या खाचांतून डॉग इकडेतिकडे ढकलणारे फोर्क सरकतात, आणि सिंक्रोनायझर नसतो. डॉग मोजकेच, जाड आणि त्यांच्यामधे ऐसपैस जागा, म्हणून वेगात थोडा फरक असला तरी टक् करून बसतात. इंजिन ओढत असताना मात्र हे डॉग एकमेकांवर इतके दाबले जातात की बाहेर निघत नाहीत. मूठ किंचित सैल केली की दाब उतरतो आणि गिअर सुटतो. शर्यतीच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडून हेच करतं. फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने १९८९च्या ब्राझील ग्रांप्रीत स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि तिचा चालक नायजेल मॅन्सेल पहिल्याच शर्यतीत जिंकला. जळगावच्या रस्त्यावर दूधवाल्याच्या मोटरसायकलमध्ये या घराण्याचा गिअरबॉक्स रोज टकटक करतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इतका हिशेब जमला तरी आप्पांची तक्रार उरतेच. स्टिअरिंगमध्ये मोटर असते, ती रस्त्याचे धक्के हाताला देते. बाजारात मिळणारा नेहमीचा दांडा मात्र फक्त कळवणारा असतो. आत संवेदक असतात, ते कॉम्प्युटरला इतकंच सांगतात की दांडा आता तिसऱ्या घरात आहे. उलट दिशेने निरोप येत नाही. खऱ्या गाडीत दांडा हाताला अडवतो, इथे गेमला हात अडवताच येत नाही. हात आधीच तिसऱ्यात पोचलेला असतो. मग गेमने काय करायचं? प्रामाणिक गेम हाताची घरं आणि आतला गिअर यांची फारकत करतो: दांडा तिसऱ्यात, पण गाडी न्यूट्रलमध्ये. डॉग खरखरतात, इंजिन मोकळं गुरगुरतं, गाडी ओढत नाही. दांडा पुन्हा न्यूट्रलला आणून नीट टाकावा लागतो. काही हौशी मंडळी दांड्याखाली कंपन देणारं यंत्र बसवतात, म्हणजे खरखर निदान तळव्याला लागते. हा उपाय अर्धा आहे, पण मला तो पटतो, कारण कान आणि तळवा मिळून आप्पांसारख्या माणसाला पुष्कळ काही सांगतात.

युरो ट्रक सिम्युलेटर २ हा २०१२चा गेम. त्यात ऑटोमॅटिक, सिक्वेन्शियल आणि दांड्याची घरं असे वेगवेगळे पर्याय निवडता येतात. नातवाने सगळी मदत चालू ठेवली होती, त्यात क्लच आपोआप दाबला जात होता. ती बंद केली आणि आप्पांना हेडफोन लावले. पुढे उताराचा रस्ता होता. आप्पांनी विचारलं, "घाट आहे का?" कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना माल भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली की ब्रेकचे लायनर तापून वास सुटतो आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून उताराच्या आधीच खालचा गिअर, आणि इंजिनाने गाडी धरायची.

आप्पांचा डावा पाय खाली गेला. दांडा मधे आला. पाय वर. उजव्या पायाने छोटी रेस, हेडफोनमधून मलाही ऐकू येईल इतकी. पाय पुन्हा खाली, दांडा तिसऱ्यात, पाय अलगद वर. इंजिनाचा आवाज जिथे चढला होता तिथेच थांबला आणि ट्रक उतारावर स्वतःला धरून चालू लागला. नातू काट्याकडे बघत होता, आप्पा रस्त्याकडे.

"आता कसा गेला?" मी विचारलं.

"आता गेला," आप्पा म्हणाले, आणि हेडफोन न काढता पुढच्या वळणाकडे बघत राहिले.