आकडा दिल्लीचा, भाव निफाडचा

ऑक्टोबर २०२५ ची किरकोळ महागाई ०.२५ टक्के, असा आकडा १२ नोव्हेंबरला दिल्लीत जाहीर झाला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेतला तो नीचांक. चर्चेत नेहमीचे दोन तट पडले. एकाच्या मते ही सरकारच्या कारभाराची पावती, दुसऱ्याच्या मते आकड्यांची हातचलाखी. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याच्या बाजार आवारात मात्र या गोष्टीला वेगळाच शब्द आहे: मंदी. भाव चढले की तेजी, उतरले की मंदी. 'महागाई घटली' हा मथळा निफाड तालुक्यात कुणी पेढे वाटून वाचत नाही.

त्या आकड्याच्या पोटात काय होतं ते आधी बघू. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या आदल्या वर्षीपेक्षा ४२.१८ टक्क्यांनी चढल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या २७.५७ टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे २०२३ साली शंभर रुपयांत भरणारी पिशवी २०२४ ला १४२ रुपयांची झाली आणि २०२५ ला १०३ ची. एका वर्षी 'भाज्या कडाडल्या', दुसऱ्या वर्षी 'भाज्या स्वस्त'. दोन्ही मथळे खरे. पण दोन वर्षांचा हिशेब एका ओळीत मांडला तर पिशवी जवळजवळ होती तिथेच आहे. ही तिसरी ओळ वाचकालाच पेन घेऊन काढावी लागते.

सरकारचा कारभार आकड्यांवर तोलायचा आणि तो तोल छापून लोकांपुढे ठेवायचा, ही रीत काही टीव्हीने आणलेली नाही. तिच्या आद्य जाणत्यांपैकी एक तर निफाडचेच. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, निफाडला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला धाडली. त्यामागे सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) आणि रानडे होते. १८७८ साली तीन गोष्टी जुळून आल्या. सभेचं त्रैमासिक सुरू झालं. व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना वेसण घालणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांना त्यातून सूट होती. आणि संशय आलेल्या सरकारने रानड्यांची पुण्याहून नाशिकला बदली केली. माणसाला त्याच्या जन्मजिल्ह्यात पाठवणं ही शिक्षा कशी, ते त्या सरकारलाच ठाऊक.

त्या काळचा गाजलेला आकडा दरडोई उत्पन्नाचा. दादाभाई नौरोजींनी सरकारच्याच कागदांतून हिशेब काढून तो वर्षाला २० रुपये ठरवला. १८८२ साली सरकारी अंदाज आला २७ रुपयांचा. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने ३० रुपये सांगितले आणि २७ वरून ३० म्हणजे देश पुढे चालला आहे, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या इंग्रज पत्रकाराने, जो आधी मद्रासच्या वर्तमानपत्राचा संपादक होता, हिशेब मांडला तो १८ रुपयांच्याही आत. एकच देश, एकच काळ, आणि ३० विरुद्ध १८! पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अर्थसंकल्पावरच्या पहिल्याच भाषणात सरकारच्या शिलकीलाच हात घातला: दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळून दाखवलेली शिल्लक ही सुबत्तेची खूण नव्हे. मला या सगळ्या वादात गोखल्यांची ही चाल सर्वांत धारदार वाटते. त्यांनी आकडा खोटा ठरवला नाही, तो कुणाच्या खिशातून आला एवढंच विचारलं.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला नाशिकने कांद्याचं रूप दिलं. १९८० हे साल या दृष्टीने बघण्यासारखं आहे. जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. प्रचारात महाग कांदा हे आधीच्या सरकारच्या नाकर्तेपणाचं चिन्ह बनला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चाकणला रस्ता अडवला, आणि नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडल्या. निफाड तालुक्यातल्या खेरवाडीला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले. वर्षाच्या सुरुवातीला कांदा महाग म्हणून सरकार गेलं, शेवटाला कांदा स्वस्त म्हणून माणसं गेली. शहरातल्या बातमीदाराला पहिली गोष्ट दारातच सापडत होती, दुसरीसाठी एसटी पकडावी लागत होती. जोशींचं 'भारत विरुद्ध इंडिया', म्हणजे खेडं विरुद्ध शहर, मला नेहमी थोडं ढोबळ वाटत आलं आहे, पण बातम्यांच्या बाबतीत ते बरोब्बर बसतं. १९९८ ला दिल्लीत कांदा किलोला पन्नासच्या घरात गेला, सुषमा स्वराज यांचं सरकार निवडणुकीत हरलं, आणि 'कांद्याने सरकार रडवलं' हा मथळा कायमचा छापखान्यात टाईप लावून ठेवल्यासारखा झाला.

आकड्यांच्या कारखान्यातली भांडणंही थोडक्यात सांगायला हवीत. जानेवारी २०१५ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाची नवी मालिका आली, पायाभूत वर्ष बदललं, आणि २०१३-१४ चा विकासदर ४.७ वरून ६.९ टक्के झाला. म्हणजे नव्या सरकारच्या काळातल्या सूत्राने गेलेल्या सरकारचं शेवटचं वर्ष उजळलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये मागची वर्षं याच सूत्राने पुन्हा मोजली तेव्हा २०१०-११ चा १०.३ टक्के दर ८.५ वर उतरला. सूत्राची स्तुती करणारे आणि त्याला नावं ठेवणारे यांनी मधल्या काळात जागा बदलल्या होत्या. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी, बेरोजगारीचा अहवाल अडकून पडला म्हणून, राजीनामे दिले. बेरोजगारी ६.१ टक्के असल्याचा तो अहवाल एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकाने आधी छापला. सरकारने तो प्रसिद्ध केला ३१ मेला, म्हणजे लोकसभेचा निकाल लागल्यावर आठवड्याने. मोजण्याची पद्धत नवी आहे, जुन्या आकड्यांशी तुलना नको, हे सरकारचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. पण अहवाल दाबून ठेवला की त्यातली रास्त बाजूही कुणी ऐकत नाही.

नोटबंदीचं तर नाशिकला खास अप्रूप. नोटा छापल्या जात होत्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात, आणि रोकड नाही म्हणून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद. रिझर्व्ह बँकेचा अंतिम हिशेब ऑगस्ट २०१८ ला आला: रद्द केलेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत.

आता अलीकडचं. जुलै २०२३ ची महागाई ७.४४ टक्के निघाली. त्यात मोठा वाटा टोमॅटोचा. आकडा १४ ऑगस्टला आला आणि १९ ऑगस्टला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. गुन्हा टोमॅटोचा, दंड कांद्याला. आवारांत लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला पूर्ण निर्यातबंदी झाली. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन निर्यातीची मुभा मिळाली आणि इकडे संतापाची लाट उसळली. लगेच २७ एप्रिलला केंद्राने पत्रक काढलं: सहा देशांना ९९,१५० टन निर्यातीला परवानगी. अनेक वाहिन्यांनी ती ताजी बातमी म्हणून चालवली. प्रत्यक्षात त्यात बांगलादेश, अमिराती वगैरेंसाठी आधीच दिलेल्या परवानग्यांची बेरीज होती. ज्यांनी जुनी पत्रकं काढून ताळा केला त्यांना हे दुपारपर्यंत कळण्यासारखं होतं. बंदी मेच्या सुरुवातीला उठली, ४० टक्के शुल्क मात्र राहिलं. १५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांचं भाषण चालू असताना गर्दीतून आवाज आला, 'कांद्यावर बोला!' २० मेला मतदान झालं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, नाशिकमध्ये हेमंत गोडसे हरले. यालाही माध्यमांनी लगेच 'कांद्याने रडवलं' हे ठेवणीतलं वाक्य चिकटवलं. पराभवाला इतर कारणंही होती, पक्षफुटीचा राग त्यात काही कमी नव्हता.

भाव ठरतो कसा, हे एकदा लासलगावला उभं राहून बघावं. ट्रॅक्टरची रांग लागलेली. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीशी थांबतो, कुणी कांदा उचलून पत्ती चोळून बघतो, बोली होते, चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. मिनिटाचंही काम नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन रकाने: किमान, कमाल, सरासरी. टीव्हीच्या पट्टीवर बहुतेक वेळा कमाल भाव पळतो. तो मिळालेला ट्रॅक्टर आवारात एखादाच असतो. शेतकरी आधी सरासरी बघतो आणि गोल्टी (बारीक कांदा) असेल तर मुकाट किमान.

नोव्हेंबर २०१८ ची महागाई २.३३ टक्के होती, सतरा महिन्यांतली सर्वांत कमी. त्याच सुमारास निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांदा विकला. हाती आले १,०६४ रुपये, म्हणजे किलोला दीड रुपयाही नाही. त्याने ते सगळे पैसे पंतप्रधानांच्या मदतनिधीला मनीऑर्डरने पाठवले, वर ५४ रुपये टपालखर्च केला. काही दिवसांनी पैसे परत आले. मनीऑर्डर घेत नाही, ऑनलाइन भरा, असं कळवण्यात आलं होतं.