पोहायचा तलाव म्हणजे चैन?

'आदिवासी वस्तीला आधी दवाखाना द्या, पोहण्याचा तलाव कसली चैन?' शिवाय तलावाच्या पाण्याने कान फुटतात, हीही समजूत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जिगालाँग आणि मुगारिन्या या दुर्गम आदिवासी वस्त्यांचा अनुभव उलटा आहे. तिथे २००० साली क्लोरिनयुक्त तलाव सुरू झाले. दीड वर्षात एका वस्तीत त्वचेवर पू झालेल्या फोडांचं मुलांमधलं प्रमाण ६२ टक्क्यांवरून १८ वर आलं. कानाच्या पडद्याला भोकं असलेली मुलंही घटली. (कानांबाबत पुढच्या सगळ्याच अभ्यासांत मात्र इतका फरक दिसला नाही.) वर 'शाळा नाही, तर तलाव नाही' हा नियम, म्हणजे शाळा बुडवणाऱ्या मुलाला पोहायला बंदी! अर्थात क्लोरिन रोज तपासायला माणूस हवा. तलाव बांधून मोकळं होणाऱ्यांनी हा खर्च आधीच धरावा.