‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ : नायकाचे पितृकुळ कसे बदलले

‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ हा ब्रिटिश विनोदी चित्रपट १९४९च्या जूनमध्ये लंडनला प्रदर्शित झाला. पश्चिम लंडनमधील ज्या स्टुडिओने तो काढला, त्याच स्टुडिओचे आणखी दोन गाजलेले विनोदी चित्रपट त्याच वर्षी आले. पण त्यांत सरकारी नियमांना चकवणारी साधी माणसे आहेत, तर इथे एक देखणा, मृदुभाषी तरुण ड्यूकपदाच्या वाटेतले आईच्या घराण्यातील नातेवाईक शांतपणे दूर करतो. त्याने आठ खून केले असे सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. आठ ही त्या घराण्यातील सर्व भूमिका एकट्याने करणाऱ्या नटाच्या पात्रांची संख्या. त्यांपैकी आरमारप्रमुख स्वतःच्या हट्टापायी जहाजाबरोबर बुडतो आणि बँकर धक्क्याने मरतो. नायकाच्या हातून मरतात ते सहा जण, आणि त्याला फाशीची शिक्षा होते ती मात्र त्याने न केलेल्या सातव्या खुनाबद्दल.

चित्रपटात हा खटला उमरावांच्या सभागृहापुढे चालतो. कथा विसाव्या शतकाच्या आरंभीची असल्याने ते काळाला धरूनच आहे. परंतु आपल्यावरील खटला आपल्याच सभागृहापुढे चालण्याचा उमरावांचा हा विशेषाधिकार १९४८च्या कायद्याने नुकताच रद्द झाला होता. त्याच वर्षी फाशी काही काळ स्थगित ठेवण्याचा कनिष्ठ सभागृहाचा निर्णय वरिष्ठ, म्हणजे याच उमरावांच्या सभागृहाने फेटाळला होता. तेव्हा, उमरावासाठी रेशमी दोर वापरायला मिळणार म्हणून हरखलेला फाशी देणारा माणूस पाहताना तत्कालीन प्रेक्षकाला वर्तमानपत्रातील मथळे आठवले नसतील, असे मानणे कठीण आहे.

सर्वाधिक वाद आहे तो नायकाच्या पितृकुळाचा. चित्रपट १९०७च्या ‘इस्रायल रँक’ या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरीतील नायकाचे वडील ज्यू आहेत आणि आईच्या उच्च कुळाने त्याला झिडकारण्यामागे तो तिरस्कार मुख्य आहे. पटकथेत वडील इटालियन ऑपेरागायक झाले, शिवाय मुलाचे तोंड पाहताच ते मरतात, म्हणजे प्रश्न पहिल्या काही मिनिटांतच निकालात निघतो. छळछावण्यांची दृश्ये लोकांनी पाहिल्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती; ज्यू नायक एकामागून एक ख्रिस्ती उमराव मारतो आहे, हे विनोद म्हणून दाखवणे त्या वर्षी अशक्यच होते. आठ भूमिका करणाऱ्या याच नटाने डिकन्सच्या कादंबरीवरील १९४८च्या चित्रपटात रंगवलेल्या ज्यू पात्रामुळे वादळ उठले आणि तो चित्रपट अमेरिकेत १९५१पर्यंत अडकून पडला. त्या चित्रपटाविरुद्धची बर्लिनमधील निदर्शने मात्र १९४९च्या आरंभीची आहेत. पटकथा त्याआधी तयार होती, त्यामुळे त्यांना या बदलाचे कारण म्हणता येत नाही, जरी काही जण तसे मांडतात.

कादंबरीच मुळात ज्यूद्वेषी आहे की ज्यूद्वेषाचा उपहास करणारी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. प्रस्तुत लेखकाला ती उपहासाकडे झुकलेली वाटते, आणि म्हणूनच बदलात काही हरवले असेही वाटते. चित्रपटात सूडाची ठिणगी पडते ती आईला कुळाच्या दफनघरात जागा नाकारल्यामुळे. अपमान उरतो, पण तो केवळ वर्गाचा. इटली काही वर्षांपूर्वीपर्यंत शत्रुराष्ट्र असल्यामुळे परकेपणाची धार पूर्ण गेली नाही, एवढेच. आणि ही सावधगिरी निवडकच होती. एका समाजाबद्दल इतकी दक्षता घेणाऱ्यांनी त्याच चित्रपटातील बालगीतात कृष्णवर्णीयांसाठीची शिवी तशीच राहू दिली; ती अमेरिकी आवृत्तीत काढून तिथे ‘खलाशी’ हा शब्द घातला गेला.

अमेरिकी आवृत्तीत याहून ठळक फेरफार शेवटात झाला. तिथल्या निर्मितीसंहितेनुसार, म्हणजे चित्रपटांत काय दाखवावे याच्या नियमावलीनुसार, गुन्हेगार सुटलेला चालत नसे. मूळ चित्रपटात तुरुंगातून बाहेर पडलेल्या नायकाला आपला लेखी कबुलीजबाब कोठडीतच राहिल्याचे आठवते आणि पडदा पडतो. अमेरिकेसाठी ती वही अधिकाऱ्यांच्या हाती लागल्याचे काही सेकंदांचे दृश्य जोडले गेले. संहितेचे समाधान झाले, मात्र प्रेक्षकाकडे सोपवलेला निर्णय त्याच्याकडून काढून घेतला गेला.

पुढे १९९९मध्ये उत्तम ब्रिटिश चित्रपटांच्या एका प्रतिष्ठित यादीत तो सहाव्या स्थानी आला. त्याच कादंबरीवरचे संगीत नाटक २०१३मध्ये ब्रॉडवेवर आले आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार घेऊन गेले. एकाच नटाने सर्व बळी साकारायचे ही चित्रपटाची युक्ती त्यातही आहे, आणि त्यावरून रंगमंचावर येण्याआधीच न्यूयॉर्कच्या न्यायालयात कॉपीराइटचा वाद झाला होता. त्या नाटकातील नायकाचे वडील ज्यूही नाहीत आणि इटालियनही नाहीत. ते स्पेनमधील कॅस्टिलचे आहेत.