खाजकुइलीचे बी आणि एका 'अयशस्वी' चाचणीचा खर्च

पाऊस ओसरला की गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानकडेला खाजकुइलीच्या लवदार शेंगा लोंबू लागतात आणि जाणता माणूस त्यांच्यापासून चार हात लांबूनच जातो. या शेंगांच्या बियांमध्ये लेव्होडोपा असते, हे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखवले. कंपवातावरचे, म्हणजे पार्किन्सनवरचे, आजचे मुख्य औषध तेच आहे. पण १९६० मध्ये रुग्णांच्या मेंदूत डोपामीन हे हालचालींसाठी लागणारे रसायन (लेव्होडोपापासून मेंदूत तेच बनते) घटलेले आढळले आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा सावकाश वाढवत नेऊन गुण येतो हे दाखवले, तेव्हा कुठे त्याचे मोल कळले. (बी कुटून घरीच उपचार करण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील औषधाचे प्रमाण प्रत्येक वेळी सारखे नसते.)

लेव्होडोपाने हालचाल सुधारते, मात्र चेतापेशींचा ऱ्हास थांबत नाही. तो थांबवणारे औषध शोधणे महाग पडते, कारण आजार संथपणे वाढतो आणि फरक पडला की नाही हे ठरवायला शेकडो रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

एक्झेनाटाइडचेच पाहा. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतील घटकावरून बेतलेले हे मधुमेहाचे औषध कंपवातावरही चालेल, अशी आशा लंडनमधील एका चाचणीने २०१७ मध्ये निर्माण केली. त्या चाचणीत साठच रुग्ण होते. पुढची मोठी चाचणी करण्यात औषध कंपनीला फारसा रस नसतो, कारण जुन्या औषधाचे पेटंट संपत आलेले असते आणि नवा उपयोग सिद्ध झाला तरी नफा स्पर्धकांत वाटला जातो. म्हणून ब्रिटिश सरकारचा आरोग्य संशोधन निधी आणि धर्मादाय संस्था पुढे आल्या. १९४ रुग्णांना ९६ आठवडे औषध किंवा त्यासारखेच दिसणारे निष्क्रिय इंजेक्शन दिले गेले, आणि २०२५ मध्ये निकाल आला की दोन्ही गटांत फरक नाही.

वर्तमानपत्रांनी याला अपयश म्हटले. माझ्या मते हा पैसा सत्कारणी लागला, कारण साठ जणांच्या निकालावर विसंबून हजारो रुग्णांनी वर्षानुवर्षे व्यर्थ सुया टोचून घेणे त्यामुळे टळले.

तरीही अशा चाचण्या स्वस्त व्हायच्या असतील, तर आजार मोजण्याचे साधन हवे, आणि मधुमेहातील रक्तशर्करेसारखा आकडा कंपवातात नाही. कंपवातावरील संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या मायकेल जे. फॉक्स प्रतिष्ठानने २०१० पासून चालवलेल्या दीर्घ अभ्यासातून २०२३ मध्ये पाठीच्या कण्यातील द्रवावरची एक तपासणी पुढे आली, जी अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे बिघडलेले रूप ओळखते. ती सध्या 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते, 'किती' ते नाही. शिवाय पाठीत सुई घालावी लागते. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेल्या वृद्धाला हातावरच्या रक्ताच्या थेंबातून तेच सांगता यावे, यासाठीचे संशोधन अजून चालू आहे.